समुद्रानं नेलेली

वल्लरीला हाडांची भीती कधी वाटली नाही. पुण्यात पुरातत्त्व शिकत असताना बाकीच्या मुली हाडांच्या खोलीत एकटीनं जायला कचरायच्या, तेव्हा ही तिथंच बसून डबा खायची. "ही माणसं कुणाच्या पाठीमागं बोलत नाहीत," असं वर सांगायची. तिची आई जयमाला मात्र गुहागरहून फोनवर दर वेळी विचारायची, "काय गो, घरात शिरण्याआधी आंघोळ तरी करतेस ना?"

कतारला ती दोन वर्षांच्या करारावर आली. नवरा मिहीर आधीपासूनच दोह्यातल्या वेस्ट बेमधल्या एका बँकेत होता. वल्लरीचं काम मात्र त्या काचेच्या इमारतींपासून दूर, उत्तरेच्या किनाऱ्यावर. तिथं एक ओसाड गाव होतं. एके काळी तिथले पुरुष मोती काढायला समुद्रात जात. मोत्यांचा धंदा बसला, मग तेल निघालं, आणि माणसं हळूहळू दोह्याला निघून गेली. मागं राहिल्या पडक्या भिंती, छप्पर नसलेली मशीद आणि एक छोटं कबरस्तान. आता तिथून रस्ता जाणार होता, म्हणून कबरी हलवायच्या होत्या.

नियम कडक होते. काम सुरू करण्याआधी दुआ व्हायची. हाडं उघड्यावर ठेवायची नाहीत, पांढऱ्या कापडात गुंडाळायची. कुटुंबाची परवानगी असेल तरच नमुना घ्यायचा, आणि लवकरात लवकर सगळं पुन्हा मातीत जायला हवं. या साऱ्यावर देखरेख तसनीमची. ती कतारी, विलायतेत शिकलेली, बोलायला रोखठोक. पहिल्याच दिवशी तिनं वल्लरीला बजावलं होतं, "तुझ्यासाठी ही हाडं आहेत. इथल्या लोकांसाठी ते आजोबा आहेत. एवढं विसरू नकोस म्हणजे झालं."

वल्लरी विसरली नाही. किंबहुना ती विसरू नये म्हणूनच की काय, रोज सकाळी एक पांढरी गाडी येऊन उभी राहायची. रहमान नावाचा ड्रायव्हर उतरून वाऱ्याच्या आडोशाला खुर्ची मांडायचा आणि तिच्यात ऐंशी ओलांडलेले युसुफ येऊन बसायचे. गावात जन्मलेल्यांपैकी ते जवळजवळ शेवटचे. मोठा मुलगा जासिम, म्हणून सगळे त्यांना आदरानं 'बू जासिम', म्हणजे जासिमचे वडील, म्हणत. तरुणपणी कापडाच्या व्यापारासाठी त्यांनी मुंबईच्या खूप फेऱ्या केल्या होत्या, त्यामुळं त्यांचं हिंदी फर्मास होतं. वल्लरी त्यांना चाचा म्हणायची. ते तिला 'बिन्ती' म्हणायचे, म्हणजे लेक.

थर्मासमधला वेलचीचा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, तिच्या हातात देत एके दिवशी ते म्हणाले, "बिन्ती, माझी आई इथं आहे."

"कुठली कबर, चाचा?"

"तेच तर कळत नाही. त्या भिंतीकडच्या ओळीत चार बायका आहेत. दगडावर नाव घालायची आमच्यात पद्धत नाही. ती गेली तेव्हा मी असेन सहा वर्षांचा. मला कुणी इथवर येऊ दिलं नाही. बापाची कबर मला ठाऊक आहे, ती ही मधली. आता सगळ्यांना उचलून नव्या जागी नेताय, तर या दोघांना शेजारी ठेवायचं मनात आहे. तुम्ही लोक थुंकीवरून ओळखता म्हणे. माझी थुंकी घ्या."

आईबद्दल त्यांना घरच्यांनी सांगितलं होतं ते एवढंच, की तिचं नाव मरियम, ती वडिलांच्या चुलत घराण्यातली, तापानं गेली. पुढं त्यांना सावत्र आईनं वाढवलं आणि तिनं मायेत कधी कमी केलं नाही.

जासिम दुसऱ्या दिवशी स्वतः आला. दोह्याजवळच्या लुसैल या नव्या शहरात त्याची मोठी बांधकाम कंपनी होती. पन्नाशीतला, घाईतला माणूस. पण आल्या आल्या त्यानं वाकून वडिलांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मगच बाकीच्यांकडं पाहिलं. "बाबांची इच्छा आहे ना, मग झालं. जे लागेल ते करा," तो इंग्रजीत म्हणाला आणि परवानगीच्या कागदावर सही करून गेला.

चार बायकांपैकी प्रत्येकीचे दोन दात घ्यायचं ठरलं. एक पहिली दाढ, एक अक्कलदाढ. दाताचं वरचं कवच लहानपणी तयार होतं ते होतं, पुढं कधी बदलत नाही. त्या वयात माणूस ज्या मातीतलं पाणी पितो, त्या मातीतल्या दगडाची खूण त्यात उतरते आणि मरेपर्यंत, मेल्यावरही, तिथंच राहते. पहिल्या दाढेत तान्हेपणाचं पाणी असतं. अक्कलदाढेचं कवच आठ ते चौदा वर्षांच्या दरम्यान धरतं. मोती काढणारी माणसं कुठून कुठून या किनाऱ्यावर आली हे वल्लरीला या खुणांवरून शोधायचं होतं, आणि दातांतून डीएनए निघाला की युसुफचाचांचंही काम होणार होतं.

आई सापडली. भिंतीकडच्या ओळीतली तिसरी. जाताना पंचविशीची असेल, फार तर. जुळणी इतकी चोख होती की तपासणाऱ्यानं दुसऱ्यांदा पडताळलंसुद्धा नाही. वल्लरी खूश झाली आणि तिनं त्याच बाईच्या दाढा मशीनखाली घेतल्या.

पहिल्या दाढेनं सांगितलं, की ही बाई या देशात जन्मलेली नाही. इथला दगड चुनखडीचा. हिच्या दाढेतला दगड काळा, ज्वालामुखीचा. आईकडून आलेला डीएनए पाहिला तर तो कोकणकिनाऱ्यावर सर्रास आढळणाऱ्या घराण्याचा निघाला. वल्लरीनं अक्कलदाढ घेतली आणि तिच्या कवचावर वरपासून खालपर्यंत, केसाएवढ्या अंतरानं मोजमाप केलं. पडद्यावर रेघ उमटत गेली. सुरुवातीला काळा दगड, काळा दगड. मग एका ठिकाणी रेघ एकदम उसळून वर गेली आणि पुढं शेवटपर्यंत तिथंच राहिली. चुनखडी. जिथं रेघ बदलत होती, तिथंच दातावर एक आडवी खाच होती, उपासमारीची.

दहा-अकरा वर्षांच्या मुलीनं समुद्र ओलांडल्याची ती नोंद होती. एका दाढेत.

तसनीमनं ते पाहिलं आणि वल्लरीला मिठीच मारली. असलं काम कुणी केल्याचं दोघींच्याही ऐकिवात नव्हतं. व्यापारी गलबतांतून पळवून आणलेल्या, विकलेल्या मुलींबद्दल लोक कुजबुजत आले होते, पण त्यांतल्या एकीचा प्रवास तिच्याच दातात असा लिहिलेला, आणि वाचता येण्यासारखा! दोघी बराच वेळ मोठमोठ्यानं बोलत राहिल्या. कुठं छापायचं, कुणाला कळवायचं.

मग वल्लरी हात धुवायला गेली आणि नळाखाली हात धरून तशीच उभी राहिली. दहा-अकरा वर्षं. दहा वर्षांची मुलगी स्वतः होऊन समुद्र ओलांडत नाही. आणि 'चुलत घराण्यातली मरियम' अशी कुणी नव्हतीच.

सुट्टीच्या दिवशी तिनं आईला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर विचारलं, "आई, आपल्याकडं पूर्वी मुली नाहीशा व्हायच्या का गं? किनाऱ्यावरून?"

जयमालाबाईंनी उलट विचारलं, "तुला कुणी सांगितलंन?"

"कुणी नाही. विचारते आपली."

"माझी आजी सांगायची. गलबतं यायची ना अरबांची, खजूर घेऊन. मग कुणाची पोर शिंपल्या वेचायला गेलेली परत यायची नाही. कुणी पळवलीन, कुणी आपणहून विकलीन, देव जाणे. दुष्काळाचे दिवस. लोक म्हणायचे, समुद्रानं नेली. झालं, विषय संपला."

"शोधायचे नाहीत?"

"शोधून काय करायचं गो? सापडली तरी घरात कोण घेणार होतं? आणि धाकट्या बहिणींची लग्नं व्हायची होती. तिचं नाव टाकायचे. बारशात ते नाव पुन्हा कुणाला ठेवायचे नाहीत." मग त्या म्हणाल्या, "तू कशाला त्यात शिरतेस?"

वल्लरीला वाटत होतं, लपवाछपवी फक्त या किनाऱ्याची आहे. फोन ठेवताना तिच्या लक्षात आलं, दोन्हीकडच्या लोकांनी मिळून त्या पोरीला पुसून टाकलं होतं. तिच्या आपल्या माणसांनी तर आधी.

निकाल घरच्यांना सांगणं भाग होतं. तसनीम म्हणाली, "आधी जासिमला. मीही येते. तू मध्ये बोलू नकोस."

लुसैलच्या त्या ऑफिसात खाली ट्राम जाताना दिसत होती. जासिमनं खजूर पुढं केले, चहा मागवला. तसनीमनं हळूहळू, शब्द जपून, अरबीत सगळं सांगितलं. वल्लरीला फक्त त्याचा चेहरा दिसत होता. तो संतापला नाही. तो पांढरा पडला.

मग तो वल्लरीकडं वळून इंग्रजीत म्हणाला, "तुमची खात्री आहे?"

"हो."

"माझ्या आजीचं नाव आमच्या वंशावळीत आहे. मजलिसमध्ये, आमच्या बैठकीच्या खोलीत, ती भिंतीवर लावलेली आहे. माझ्या मुलीचं लग्न ठरतंय. तुम्ही हे छापणार, गावाचं नाव येणार, आणि इथं कोण कुठल्या गावचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"नाव आम्ही देणार नाही," वल्लरी म्हणाली. "आणि यात तुमच्या घराण्याला कमीपणा कसला? तिच्यावर अन्याय झाला."

"डॉक्टर, तुम्ही हाडं वाचता. मला माणसांत राहायचंय." त्यानं कप खाली ठेवला. "परवानगी मी मागं घेतो. सगळं पुसून टाका. दात परत द्या, ते तिच्याबरोबर पुरले जातील. आणि बाबांना सांगा, जुळणी झाली नाही. ऐंशी वर्षं ते ज्या आईवर प्रेम करत आले, ती त्यांच्यापासून काढून घेऊ नका. खलास."

परतीच्या वाटेवर तसनीम गाडी चालवत होती. मग म्हणाली, "तो वाईट माणूस नाही गं."

"मला माहीत आहे. तेच तर अवघड आहे."

"सही त्याची आहे, वल्लरी. माझ्या हातात काही नाही."

"थुंकी त्याची नाही," वल्लरी म्हणाली.



पुढचे काही दिवस वल्लरी कबरस्तानाकडं फिरकलीच नाही, लॅबमध्येच राहिली. घरी मिहीर म्हणाला, "सांगून टाक म्हाताऱ्याला," आणि पाच मिनिटांनी म्हणाला, "पण नोकरीचं काय?" दोन्ही त्याचं खरंच होतं. तिला दोन्ही पटत होतं आणि झोप लागत नव्हती.

शेवटी जावं लागलंच. त्या दिवशी उत्तरेचा वारा सुटला होता, वाळू पायांवर सपासप लागत होती. युसुफचाचा गाडीतच बसून होते. त्यांनी दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर थोपटलं. रहमानला त्यांनी खूण केली, तसा तो उतरून दूर मशिदीच्या भिंतीकडं जाऊन उभा राहिला.

"मिळाली?" त्यांनी विचारलं.

वल्लरीनं 'नाही' म्हणायचं ठरवलं होतं. वाटेत तिनं ते वाक्य हिंदीत घोकलंही होतं. पण तोंडातून काही निघेना.

युसुफचाचा समोर समुद्राकडं पाहत म्हणाले, "थांब. आधी माझं ऐक. मग हवं तर काही बोलू नकोस." त्यांनी हातातली जपमाळ खिशात ठेवली. "माझी आई गेली त्या रात्री मी दाराबाहेर होतो. आत बायका होत्या, मला कुणी घेतलं नाही. पण आवाज येत होता. ती एकच शब्द म्हणत होती. 'आयगो. आयगो.' मला वाटलं, हे कुणाचं तरी नाव आहे. ती कुणाला तरी हाक मारतेय आणि ते माणूस येत नाहीये. मी बापाला विचारलं, आयगो कोण? त्यानं मला मारलं. आयुष्यात तेवढ्या एकदाच. म्हणाला, तापात बरळत होती, पुन्हा तो शब्द काढायचा नाही."

वल्लरी पुढं सरकून बसली.

"मग मी मोठा झालो. मुंबईला जायला लागलो. एकदा भाऊच्या धक्क्यावर उभा होतो. एक कोळीण टोपली घेऊन येत होती, तिचा पाय घसरला, आणि पडता पडता ती ओरडली, आयगो! तोच शब्द, तोच सूर. माझ्या हातातला गठ्ठा खाली पडला. लोक तिला उठवायला धावले. मी उलट्या दिशेनं पळालो, बिन्ती. विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. मी विचारलं नाही. माझा बाप जिवंत होता, माझं लग्न ठरलं होतं. पुढंही किती वेळा मुंबईला गेलो, पण त्या धक्क्यावर पाय ठेवला नाही."

ते तिच्याकडं वळले.

"तू तिकडचीच ना? आता तू सांग. आयगो म्हणजे काय?"

वल्लरी म्हणाली, "आई गं. आमच्याकडं फार दुखलं, फार भीती वाटली, की असं म्हणतात, चाचा. ती तिच्या आईला हाक मारत होती."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. त्यांच्या दाढीतून पाणी खाली पांढऱ्या अंगरख्यावर ठिबकत होतं आणि ते पुसत नव्हते. वल्लरीनं त्यांचा हात हातात घेतला. परक्या पुरुषाला असा हात लावायचा नसतो हे तिला नंतर आठवलं.

मग त्यांनी एकेक करून विचारलं आणि तिनं एकेक करून सांगितलं. कुठली? कोकणातली, काळ्या दगडाच्या, खूप पावसाच्या मुलखातली. केवढी होती आली तेव्हा? दहा-अकरा. उपाशी होती का? हो, त्या सुमाराला काही महिने उपाशी असावी. गाव कुठलं? ते नाही सांगता येत.

"आणि नाव? मरियम इथं ठेवलं असणार. तिच्या आईनं काय ठेवलं होतं?"

"हाडांत नाव नसतं, चाचा."

"एवढं सगळं कळतं, आणि नाव कळत नाही?"

"नाही कळत."

ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले, "तिकडं नेता येईल तिला?"

वल्लरीच्या डोळ्यांपुढं गुहागरचा किनारा आला. आईचा फोनवरचा आवाज आला. सापडली तरी घरात कोण घेणार होतं? "कुणाकडं न्यायची, चाचा?" ती म्हणाली, आणि मग तिलाच रडू आवरेना.

"खरं आहे," ते म्हणाले. "मग इथंच. पण बापाशेजारी नको. तिला विचारून आणली नव्हती. आता मी तरी तिला त्याच्या शेजारी ढकलणार नाही."

ते त्याच दिवशी मुलाशी बोलले. काय बोलले ते वल्लरीला कधी समजलं नाही. एवढंच कळलं की जासिमनं तक्रार केली आणि तिच्या कराराचं नूतनीकरण होणार नाही असं तिला सांगण्यात आलं. तसनीमनं तिच्यासाठी शब्द टाकला होता, पण सगळी मोजमापं पुसून टाकण्याच्या कागदावर सहीही तिनंच केली. "मला इथंच राहायचंय," ती म्हणाली. वल्लरीनं तिला दोष दिला नाही. पण त्यानंतर दोघींनी एकत्र जेवण घेतलं नाही.

दफनाच्या दिवशी बायका कबरस्तानात जात नाहीत, म्हणून दोघी रस्त्यापलीकडं गाडीत बसून होत्या. नव्या जागेच्या टोकाला, बाकीच्यांपासून जरा अंतर ठेवून, एक खड्डा घेतला होता. पांढऱ्या कापडातलं ते गाठोडं इतकं लहान होतं, की दुरून वाटावं, कुणी मूलच पुरतंय. युसुफचाचांना दोघांनी धरलं होतं. त्यांनी वाकून माती टाकली आणि सगळे निघाले तरी ते हलेनात. शेवटी जासिमनं त्यांना जवळजवळ उचलून गाडीत नेलं.

दाढा लॅबच्या कागदपत्रांत अडकल्यानं त्या दिवशी पोचल्या नव्हत्या. आठवड्याभरानं जासिम त्या घ्यायला लॅबमध्ये आला. वल्लरी टेबल आवरत होती. तिनं कापसात दाढा ठेवलेली छोटी डबी पुढं केली. त्यानं ती घेतली, पण गेला नाही.

"बाबा माझ्याशी बोलत नाहीत," तो म्हणाला.

वल्लरीनं टेबलावरचे कागद एका बाजूला सारले.

"बाबांचा जन्म झाला तेव्हा ती किती वर्षांची होती?"

"अठरा-एकोणीस."

त्यानं डबी उघडली. त्या पिवळट दाढांकडं पाहत उभा राहिला. ओठ हलले, पण कुठल्या भाषेत आणि काय, ते वल्लरीला समजलं नाही. मग डबी मिटून, ती खिशात न टाकता, दोन्ही हातांत धरून तो निघून गेला.

वल्लरी मार्चमध्ये पुण्याला परतली. मिहीर मागं राहिला, त्याचा करार अजून होता. परतल्यावर ती एकदा गुहागरला गेली. आईनं तिच्या सांगण्यावरून गावातल्या जुन्या बायकांना विचारून पाहिलं होतं. एकीला आपल्या आजीची एक बहीण होती एवढं पुसट आठवत होतं. नाव मात्र तिलाही माहीत नव्हतं. घरात कुणी घेतलंच नव्हतं ना ते.

उन्हाळ्यात तसनीमचा फोन आला. युसुफचाचा गेले होते. शेवटी महिनाभर हॉस्पिटलात होते, जासिम रात्रंदिवस उशाशी होता. दोघं बोलू लागले होते की नाही ते तसनीमला ठाऊक नव्हतं. पण दफन त्यांच्या म्हणण्याप्रमाणं झालं. बापाच्या, आज्याच्या ओळीत नाही. टोकाला, आईच्या पायाशी.

"जासिम स्वतः खड्ड्यात उतरला," तसनीम म्हणाली. "लोकांनी विचारलं, इथं का, घराण्यापासून एवढं लांब? तर म्हणाला, इथं माझी आजी आहे."

"आणखी काही म्हणाला?"

"नाही. तेवढंच."

वल्लरीनं फोन ठेवला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, खिडकीची जाळी तापली होती. तिला वाटलं, आईला फोन करून सांगावं. पण काय सांगायचं, कुणाबद्दल सांगायचं, त्या पोरीला काय म्हणायचं, हे तिला सुचेना. मरियम म्हणायला जीभ वळत नव्हती, आणि दुसरं नाव कुणालाच माहीत नव्हतं.